लिलाव दोन, नियम त्यांचेच



मंगरुळपीर तालुक्यातला आपला एक कार्यकर्ता लिलावातली जुनी जीप घ्यायला निघाला. म्हणाला, "भाऊ, चला संग. तुम्ही शिकलेले." गेलो. आवारात हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या धूळ खात उभ्या. डोळ्यांनी पाहा, चालवून पाहायचे नाही. कागदावर अट छापलेली: 'जसे आहे, जेथे आहे'. बयाणा आधी भरा. बोली लागल्यावर माघार घेतली तर बयाणा बुडाला. आणि विकणाऱ्याने मनात धरलेल्या किमतीखाली बोली राहिली, तर गाडी देणार नाही.

परतताना मी त्याला विचारले, "तुझी तूर हर्राशीला लागते तेव्हा बयाणा कोण भरतो?" तो नुसता हसला.

लिलाव तोही आणि हाही. त्यांच्या मोडक्या गाडीला राखीव किंमत आहे, आपल्या नव्या मालाला नाही. २०२५-२६ साठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये आणि संकरित ज्वारीला ३६९९ रुपये क्विंटल आधारभूत किंमत जाहीर केली. पण हर्राशीची पहिली बोली त्या आकड्यापासून सुरू होत नाही. गाडी घेणारा माघारला तर त्याचा बयाणा जातो. कापूस घेणारा जिनिंगवर गाडी खाली झाल्यावर 'कवडी आहे, ओल आहे' म्हणून भाव तोडतो, त्याचे काय जाते? आपण विकायला गेलो तर नियम घेणाऱ्याचा, घ्यायला गेलो तर नियम विकणाऱ्याचा!

कोणी म्हणेल, भाव पटला नाही तर माल परत न्या. नेतो. पण येण्याजाण्याचे भाडे कोण देणार? गाडी आवारात वर्षभर उभी राहिली तरी कंपनीचा धीर सुटत नाही. आपल्या ज्वारीला सोंडे लागतात आणि कर्जाची तारीख थांबत नाही.

म्हणून जुनी गाडी घेऊच नका असे मी म्हणत नाही. उलट कोरडवाहू माणसाने नव्या गाडीच्या नादी लागू नये. कापूस वर्षातून एकदा येतो, हप्ता बारा वेळा येतो. पण पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण पाहणारे आपण, गाडी घेताना डोळे का मिटतो?

मिस्त्री बरोबर न्या. चेसिस आणि इंजिनाचा नंबर नोंदणीपत्राशी ताडून पाहा. कर, विमा, दंडाच्या पावत्या, कर्जाचा बोजा तपासा. सरकारी लिलावातली गाडी असेल तर ताबा घेतल्यापासून तीस दिवसांत नमुना ३२ भरून, विक्री कायम केल्याचा आदेश जोडून ती आपल्या नावावर करा. कंपनीने ओढून आणलेली असेल आणि मूळ मालकाची सही नसेल, तर आधी नमुना ३६ वर कंपनीने नोंदणीपत्र स्वतःच्या नावाने काढले आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढत नाही, त्या भंगारातच जातात. 'सरकारी जीप स्वस्तात देतो' म्हणणाऱ्या दलालाला नोंदणीची तारीख विचारा.

आणि एक विसरू नका. ती गाडी कोणाच्या तरी दारातून ओढलेली आहे. १९०८ च्या दिवाणी कायद्याने शेतकऱ्याची औते, गरजेचे बैल आणि बियाणे जप्तीतून सोडले. औताची जागा ट्रॅक्टरने घेतली, पण करारात गहाण टाकलेल्या ट्रॅक्टरला ती सवलत नाही. तरी कर्जदार अगदीच उघडा नाही. गुंड लावून वसुली करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सुनावले. ताब्याआधी किती दिवसांची नोटीस, लिलावाआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत, हे वित्त कंपनीच्या करारात लिहिलेले असले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो करार आपल्याला कळेल अशा भाषेत मागा. लिलावाचे पैसे देण्यापेक्षा जास्त आले तर वरची रक्कम कर्जदाराची आहे. हिशेब लेखी मागा.

जिल्ह्याच्या बैठकीत दोन ठराव मांडतो. एक, आधारभूत किमतीखाली वाशीम, कारंजा, रिसोड, कुठल्याच बाजार समितीत बोली पुकारली जाऊ नये. दोन, बोलीनंतर भाव तोडणाऱ्या व्यापाऱ्याचा बयाणा बुडावा. गाडीच्या लिलावात जे चालते, ते कापसाच्या लिलावात का चालू नये? याचे उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाही.