औषध कोणासाठी, आणि कसोटी कोणावर?

चेन्नईतील अण्णा नगर आणि किलपॉक मागे टाकले की चेटपेट लागते. तेथील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचा पाया १९५६ साली घातला गेला. क्षयरोग्याला सॅनेटोरियम, संपूर्ण विश्रांती आणि सकस अन्न मिळालेच पाहिजे, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र सांगत असे. म्हणजेच झोपडीतल्या श्रमिकाने बरे होण्याची आशा सोडावी! मद्रासच्या संशोधकांनी ही समजूत कसोटीला लावली. १९३ गरीब रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरीच, त्याच दाटीवाटीत व अर्धपोटी अवस्थेत, तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. जगभरच्या क्षयोपचाराची दिशा त्यामुळे बदलली.

या प्रयोगाचा धडा असा की, ज्यांना औषध घ्यायचे आहे, त्यांच्यावरच आणि त्यांच्याच परिस्थितीत औषधाची परीक्षा झाली पाहिजे. आज नेमका याच धड्याचा विसर पडत चालला आहे.

आजचा रोगी एकाच रोगाचा धनी राहिलेला नाही. चेन्नईतील मधुमेह संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली दाखवून दिले की, देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांचा प्रभाव घटतो. आयसोनियाझिडमुळे होऊ शकणारी मज्जातंतूंची इजा मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या पायांना अधिक जाचते. तरीही नव्या औषधांच्या चाचण्यांतून मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी आणि वृद्ध यांना वारंवार वगळले जाते. मग त्यांना किती मात्रा द्यावी, हे डॉक्टराने कशाच्या आधारे ठरवायचे?

वगळण्यामागे कधी रास्त कारण असते, हे आम्ही नाकारत नाही. क्षयाच्या उपचारात मेटफॉर्मिनची भर घालून पाहणाऱ्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत मधुमेह्यांना घेतले नव्हते. तेच औषध त्यांच्या नेहमीच्या उपचारातले असल्याने गल्लत झाली असती. परंतु अनेकदा कारण निराळेच असते. गुंतागुंत नसलेला रोगी घेतला की निकाल नीटनेटका येतो, चाचणी लवकर आटोपते आणि माल लवकर बाजारात जातो. मक्तेदार कंपनीच्या हिशेबात खरा रोगी ही अडचण ठरते.

दुसरा मार्ग शक्य आहे, हे २०२० साली ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांनी सिद्ध केले. कोविडवरील तेथील ‘रिकव्हरी’ चाचणीत निम्म्याहून अधिक रोग्यांना आधीचा एखादा मोठा आजार होता. त्याच चाचणीतून डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे उघड झाले.

मात्र समावेश म्हणजे गरिबांना प्रयोगाचे उंदीर बनविणे नव्हे. २००९-१० साली खम्मम येथे आदिवासी मुलींवर झालेल्या लस-प्रयोगात पालकांच्या संमतीच्या जागी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या गेल्या. संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. अनेक रोगांनी गांजलेल्या माणसाला धोका अधिक असतो, म्हणून त्याला संरक्षणही अधिक हवे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. त्या नोंदीत प्रत्येक वगळणुकीचे शास्त्रीय कारण देण्याचे बंधन घाला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या चाचण्यांत बहुव्याधिग्रस्तांना स्थान द्या. चाचणीसाठी खाडा करणाऱ्या कामगाराची मजुरी भरून द्या. संमतीपत्र त्याच्या भाषेत, त्याला समजेल असे लिहा. २०१९ च्या नियमांनी दिलेला मोफत उपचाराचा व भरपाईचा हक्क कागदावर राहू देऊ नका.

कामगार रुग्णालयांत काम करणाऱ्या साथींनी आणि कामगार संघटनांनी हा प्रश्न तज्ज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. झोपडीतला रोगीही बरा होऊ शकतो, हे मद्रासने सिद्ध केले, कारण तेथे त्या रोग्याला मोजणीत घेतले गेले. आज अनेक व्याधींचे ओझे वाहणाऱ्या श्रमिकालाही मोजणीत घेतले जाईल, तेव्हाच औषध त्याचे होईल.