शंभरला पळते, पण शंभरला थांबते का?

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी मावळात जुन्या धाटणीच्या गाड्या दिसायला लागतात. टप काढलेली, रुंद टायर घातलेली जीप, आजोबांची पुन्हा रंगवलेली फियाट, क्रोमचे बंपर चमकवत निघालेली एखादी जुनी कॉन्टेसा. टायगर पॉइंटला त्यांच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. मलाही या गाड्या आवडतात, त्यामुळे माझी तक्रार गाड्यांबद्दल नाही. तक्रार त्यांच्या मालकांच्या तोंडी असलेल्या एका वाक्याबद्दल आहे: ‘नवीन इंजिन टाकलंय, आता आरामात शंभरला पळते.’

या वाक्यातले ‘आरामात’ आणि ‘पळते’ हे दोन्ही शब्द तुम्हाला फसवतात. माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. जुन्या बांध्याच्या गाडीचा सुरक्षित वेग तिचे ब्रेक आणि आत बसलेल्या माणसाचं शरीर ठरवतं, इंजिन नाही. हा हिशेब केला तर अशा गाडीला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जागा नाही. जुन्या महामार्गावर तिचा वेग ताशी ५० ते ५५ किलोमीटर आणि घाट उतरताना ३०. हे आकडे ऐकून पुष्कळांना राग येईल. ते कुठून आले ते आता पाहू.

हॉट रॉड म्हणजे काय?

अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायच्या, त्यांचा पत्रा कापून हलका करायचा, मोठं इंजिन बसवायचं आणि पळवायच्या, असा एक छंद वाढला. त्या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. फोर्डनं १९३२ साली सर्वसामान्यांना परवडेल असं व्ही-८ इंजिन दिलं, पण हायड्रॉलिक ब्रेक दिले १९३९ साली. म्हणजे सात वर्षं इंजिन पुढे आणि ब्रेक मागे, अशी स्थिती होती. हॉट रॉडचं मूळ दुखणं हेच आहे आणि आपल्याकडेही ते तसंच आलं आहे. मंडी डबवालीहून बनवून आणलेली जीप असो की पुण्यातल्या गॅरेजमध्ये तयार केलेली, पैसे आधी इंजिन, टायर आणि रंगावर जातात. ब्रेक, सीट बेल्ट आणि स्टिअरिंगची पाळी शेवटी येते. कधी येतही नाही.

थांबायला किती जागा लागते?

समोर काहीतरी दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तो तुमच्या मेंदूचा वेळ आहे, पैसे खर्चून तो कमी होत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगात या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेकचं काम सुरू होतं.

चांगले टायर, डिस्क ब्रेक आणि एबीएस असलेली आजची गाडी कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे ५५ मीटरमध्ये थांबते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी गाडी, ब्रेक ठीकठाक आहेत असं धरूनही, ८५ मीटरच्या आसपास घेते. फरक फक्त ३० मीटरचा वाटतो ना? आता हा हिशेब बघा. दोन्ही गाड्यांनी एकाच जागी, एकाच वेळी ब्रेक दाबला, तर नवी गाडी जिथं पूर्ण थांबते तिथं जुनी गाडी अजून ताशी ६० किलोमीटरनं चाललेली असते. ताशी ६०ची धडक म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली पडणं.

आता ५०-५५ या आकड्याकडे येऊ. जुन्या पिवळ्या दिव्यांच्या डिपरमध्ये रात्री किंवा धुक्यात जेमतेम चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नीट दिसतं. ताशी ५५नं चाललेली जुनी गाडी, दीड सेकंद धरून, ५० मीटरच्या आत कशीबशी थांबते. ८०ला तिला ९० मीटरच्या जवळपास लागतात. म्हणजे जे अजून दिसलेलंही नाही, त्यावर तुम्ही आदळणार हे आधीच ठरलेलं असतं. रस्ता ओला असेल तर यातूनही खाली या.

बोरघाटाचा हिशेब

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि खोपोली जवळपास पायथ्याला. दीड टनाची गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते, ती ताशी १००च्या वेगातून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. तेवढ्या उष्णतेत २५ लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये किंवा टॉप गिअरमध्ये असेल तर जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनर पकड सोडतात, जुनं पाणी धरलेलं ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल फळीपर्यंत जातं. लोक म्हणतात ‘अचानक ब्रेक फेल झाला’. खरं तर तो गेली दहा मिनिटं फेल होत होता.

याच घाटात रेल्वे १८६३पासून चालते. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत तर तिला चढावर नेऊन थांबवणाऱ्या खास मार्गिका रेल्वेनं घाटात बांधल्या आहेत. गाडीनं आधी थांबून दाखवायचं आणि मग पुढं जायचं, हा तिथला नियम. दीडशे वर्षांहून जास्त अनुभव असलेली रेल्वे घाट उतरताना ब्रेकवर आंधळा विश्वास ठेवत नाही. आपण मात्र शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकतो आणि तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरतो. नाणं जरूर टाका, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाला.

‘जुना पत्रा मजबूत असतो’

हा गैरसमज सर्वात पक्का आणि सर्वात घातक आहे. पत्रा मजबूत असतो हे खरं. पण धडकेत कुणीतरी चेपायचंच असतं. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवतात, म्हणजे तुमच्या शरीराला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. जुन्या गाडीचा पत्रा चेपत नाही, मग चेपण्याची पाळी आतल्या माणसावर येते.

शरीरात काय होतं ते सांगतो. गाडी थांबते, पण तुम्ही थांबत नाही. जुन्या गाडीतला स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि कडक असतो, दाबला जात नाही. तो छातीत बसतो आणि छातीचं हाड, फासळ्या आणि हृदयाला मार लागतो. छाती थांबली तरी आतलं हृदय पुढे झेपावतं आणि महाधमनी कमानीच्या पुढे फाटू शकते. असा रुग्ण बहुतेकदा रुग्णालयापर्यंत पोचत नाही. मागून धडक बसली तर डोक्यामागे टेकू नसल्यानं मान झटक्यात मागे जाते.

‘मागच्या सीटवर काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ४ सप्टेंबर २०२२ आठवावा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि आधुनिक होती. बेल्ट न लावलेले मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. त्या गाडीत निदान बेल्ट होते. तुमच्या जीपच्या मागच्या आडव्या बाकड्यावर काय आहे?

आणि मांडीवरचं मूल? ताशी ५०ची धडक सेकंदाच्या दहाव्या हिश्शात झाली, तर दहा किलोचं बाळ धरून ठेवायला १४० किलोचं ओझं पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याही आईबापाच्या हातात तो नसतो. मुलांना अशा गाडीत महामार्गावर नेऊ नका. इथं मी सवलत देत नाही.

‘आरामात’ म्हणजे काय?

एखाद्या वेगाला आराम वाटणं हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. अर्धा तास वेगात गाडी चालवली की मेंदूला त्या वेगाची सवय होते. नंतर ६०चा वेग ३०सारखा वाटतो. एक्सप्रेसवेवरून लोणावळ्याला बाहेर पडणारा चालक गावातल्या रस्त्यावर जोरात येतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

शिवाय हा आराम खरा नसतो. पाटे असलेलं सस्पेन्शन प्रत्येक खड्डा थेट कमरेच्या मणक्यांपर्यंत पोचवतं. उघड्या गाडीत वाऱ्याचा आणि सायलेन्सरचा आवाज कानावर आदळतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि ९४ला एकच तास उरतो. परतल्यावर कानात शिटी वाजत असेल तर तो कानानं दिलेला इशारा आहे. जुन्या पेट्रोल इंजिनाला धूर शुद्ध करणारी यंत्रणा नसते. सायलेन्सरचा जोड गळत असेल आणि काचा-पडदे बंद असतील तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. डोकं जड होणं, मळमळ, पेंग येणं याला आपण ‘प्रवासाचा शीण’ म्हणतो. गाडीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर गाडी थांबवा आणि बाहेर या.

‘मग एक्सप्रेसवेवर हळू चालवतो’

हा मुद्दा प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. एक्सप्रेसवेवर मोटारींना सपाट भागात १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथं तुम्ही ५०नं चाललात, तर मागून येणाऱ्यासाठी तुम्ही ताशी ५०नं जवळ येणारी भिंत आहात. शंभरनं तुम्हाला धोका, पन्नासनं दुसऱ्याला धोका. ज्या रस्त्यावर तुमच्या गाडीला योग्य असा वेगच नाही, तो रस्ता तुमचा नाही.

तुमचा रस्ता जुना महामार्ग: सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा. इथंही मोकळीक नाही, कारण तो गावांमधून जातो. शाळेची मुलं रस्ता ओलांडतात, एकवीरेच्या पालख्या आणि आळंदीच्या दिंड्या कडेनं चालतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये साते फाट्याजवळ आळंदीला निघालेल्या दिंडीत पिकअप टेम्पो घुसला आणि वारकऱ्यांचे जीव गेले. जुन्या गाडीचा लोखंडी बंपर चालणाऱ्या माणसाच्या पायाला आणि कमरेला काहीच सवलत देत नाही. म्हणून वस्ती आली की ३०. बोरघाटात जुन्या रस्त्याचा काही भाग एक्सप्रेसवेशी एकत्र आहे. तिथं डावी लेन सोडू नका.

कायदा काय म्हणतो?

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. तिचा वापर प्रदर्शन, संशोधन, रॅली आणि इंधन-दुरुस्तीपुरता आहे, रोजच्या फिरण्यासाठी नाही. इंजिन-चासी बदललेल्या गाडीला ही ओळखच मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली हेच ठामपणे सांगितलं आहे. ‘आमच्या हौसेवर गदा’ अशी ओरड होते. हौस करा, पण तिची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसानं मोजू नये.

निघण्यापूर्वी

• ब्रेक ऑइल बदललेलं आहे का, चारही चाकं सारखी धरतात का, हे मोकळ्या जागेत ४०च्या वेगातून थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर परत फिरा.

• तीन ठिकाणी पक्के बसवलेले बेल्ट जितके, तितकीच माणसं. बेल्ट बाकड्याला नाही, चासीला बसवलेला हवा.

• टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्यावरचं उत्पादनाचं वर्ष बघा. कमी वापरलेलं जुनं रबर कडक होतं.

• मानेचा किंवा कमरेचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा, गरोदरपण, नुकतंच झालेलं हृदयाचं ऑपरेशन किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर या गाडीत बसू नका. मागून दुसऱ्या गाडीनं या.

• सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. ती घेतली असेल तर स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.

• दर पाऊण तासानं थांबा, पाणी प्या. घाट उतरण्याआधी ब्रेक थंड होऊ द्या.

• अपघात दिसला तर १०८ला फोन करा. जखमीला ओढून काढू नका. आग किंवा पाणी असा धोका असेल तरच हलवा. मदत करणाऱ्याला कलम १३४अ खाली कायद्याचं संरक्षण आहे.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा त्यावर बैलगाड्या चालत होत्या. तुमची जीप त्यांच्यापेक्षा खूप वेगवान आहे, ५५ला सुद्धा. पुण्याहून जुन्या रस्त्यानं लोणावळ्याला पोचायला तुम्हाला थोडा वेळ जास्त लागेल. वाटेत कामशेतला चहा होईल, कार्ल्याचा डोंगर नीट दिसेल आणि लोकांना तुमची गाडीही नीट बघता येईल. ती दाखवायलाच तर बाहेर काढली आहे ना?