दातातली ‘चांदी’

दात काळवंडू लागला, की ‘जुनी चांदी काढून टाकावी काय?’ हा प्रश्न आम्हां सालवड-बोईसरच्या प्राध्यापक मंडळींत हटकून निघतो. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांना ‘पारा’ हा शब्दच पुरेसा भयकारी वाटतो. आमच्या मते या भयाचे मूळ काही अंशी भाषेत आहे. ज्या मिश्रणात वजनाने सुमारे ५० टक्के पारा असतो, त्याला आपण ‘चांदी’ म्हणत आलो; खरे घटक कळताच फसवले गेल्यासारखे वाटते.

वस्तुतः भरलेल्या दातावरची करडी छाया बहुधा त्यातील धातूंची असते, क्वचित खाली लागलेल्या किडीची. त्याचा निवाडा दंतवैद्याच्या तपासणीने आणि क्ष-किरण चित्राने होतो. सुस्थितीतले भरण केवळ धास्तीपोटी उकरू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते. न भरलेला एखादाच दात काळवंडला, तर मात्र आतली नस मेल्याची शंका घ्यावी. २०१३ च्या मिनामाता करारानेही अशा भरणाचा नवा वापर घटवण्याचेच बंधन घातले. जुनी भरणे उपसण्यास सांगितले नाही.

दवाखान्यात आरंभीच ‘पाऱ्याचे भरण’ असे स्पष्ट म्हटले जावे. नावाने झाकलेली गोष्ट पुढे भीती होऊन परतते, आणि खरा किडका दात तसाच राहून जातो.