सुंता : श्रद्धेचा हक्क आणि आरोग्याचा हिशेब

जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयापुढे २०१२ साली आलेला खटला वरकरणी किरकोळ होता. एका मुस्लिम दांपत्याने आपल्या चार वर्षांच्या मुलाची डॉक्टरकडून सुंता करविली होती. दोन दिवसांनी रक्तस्राव होऊ लागल्याने मुलास रुग्णालयात न्यावे लागले आणि प्रकरण फिर्यादीपर्यंत गेले. शस्त्रक्रियेत हयगय झालेली नव्हती. ७ मे २०१२ च्या निकालाने डॉक्टर सुटलाही. पण तो सुटला तो कायदा संदिग्ध असल्यामुळे त्याची समजूत चुकणे अपरिहार्य होते एवढ्याच कारणाने. मूळ कृत्य मात्र न्यायालयाच्या मते शारीरिक इजेचा गुन्हाच होते. आईबापांच्या धर्मस्वातंत्र्यापेक्षा मुलाचा स्वतःच्या शरीरावरील हक्क मोठा आहे, आणि कोणती खूण अंगावर बाळगावयाची हे त्याने जाणत्या वयात ठरवावे, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालाने जे वादळ उठले त्याचा अंदाज बहुधा न्यायाधीशांनाही नसावा. ज्या देशाच्या नाझी राजवटीने लपलेले ज्यू पुरुष हुडकून काढण्यासाठी नेमक्या याच खुणेचा उपयोग केला, त्या देशात ती खूण करणे गुन्हा ठरावे, हे ज्यू समाजास असह्य वाटले. मुस्लिम संघटनाही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. अखेर त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी जर्मन संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी कायदा करून, वैद्यकीय गरज नसतानाही मुलाच्या सुंतेस संमती देण्याचा आईबापांचा अधिकार मान्य केला. मात्र शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्राच्या नियमांनुसार झाली पाहिजे. मुलाच्या हितास धोका असेल तर हा अधिकार उरत नाही. आणि मूल सहा महिन्यांहून लहान असेल तर धर्मसंस्थेने नेमलेली, डॉक्टरच्या तोडीचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही ती करू शकते. हा कायदा घाईने झाला ही टीका रास्त आहे. तथापि घाईत झालेले सगळेच कायदे वाईट नसतात.

या वादाची खरी अडचण अशी, की दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांची वकीलपत्रे उसनी घेतात. धर्माज्ञा म्हणून सुंता करणारा मनुष्य टीका होताच स्वच्छतेचे आणि रोगप्रतिबंधाचे दाखले देऊ लागतो. तर शास्त्राचे नाव घेणारा विरोधक पुष्कळदा शास्त्राआडून एखाद्या धर्माविषयीची नावड बोलून दाखवितो. वस्तुतः हे दोन दावे वेगळे आहेत आणि त्यांच्या कसोट्याही वेगळ्या आहेत.

आरोग्याचा दावा प्रथम तपासावा, कारण त्यात हिशेब मांडता येतो. इंग्रजी भाषिक देशांत धर्माशी संबंध नसलेल्या कुटुंबांमध्ये सुंतेची प्रथा रुजली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिचा उगम काही फारसा गौरवास्पद नाही. न्यूयॉर्कचे शल्यविशारद लुइस सेअर यांनी १८७० मध्ये सुंतेने एका मुलाच्या पायांतील लुळेपणा गेल्याचे जाहीर केले. मग अपस्मारापासून हस्तमैथुनापर्यंत ज्याचे कारण उमगत नाही किंवा जे समाजास रुचत नाही, त्या साऱ्यावर हाच उपाय सुचविला जाऊ लागला. कारणे एकेक करून खोटी ठरली, पण प्रथा टिकली. ब्रिटनमध्ये तिला धक्का दिला तो डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने. नवजात मुलांत शिश्नाग्रावरील त्वचा आतून चिकटलेली असणे हा रोग नसून निसर्गक्रम आहे आणि वाढत्या वयात ती आपोआप सुटी होते, हे त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले. इंग्लंड व वेल्समध्ये या शस्त्रक्रियेपायी पाच वर्षांखालील सुमारे १६ मुले दरवर्षी दगावत होती, हेही त्यांनी सांगितले. त्याच सुमारास, १९४८ साली, तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि गरज नसताना केलेल्या सुंतेचा खर्च तिने उचलला नाही. एका पिढीत प्रथा ओसरली. ब्रिटिश ज्यू आणि मुस्लिम कुटुंबांत मात्र ती चालूच राहिली. अनुदान थांबल्याने सवय सुटते, श्रद्धा सुटत नाही. दोहोंतील फरक ओळखण्यास याहून सोपी परीक्षा सापडणे कठीण.

अमेरिकेचा अनुभव या निष्कर्षास पुष्टी देतो. तेथे विमा कंपन्या आणि ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी योजना यांनी दीर्घकाळ हा खर्च सोसला. १९७९ मध्ये रुग्णालयांत जन्मलेल्या मुलग्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांची सुंता होत असे; २०१० मध्येही हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या घरात होते. ज्या राज्यांत मेडिकेड पैसे देते तेथील रुग्णालयांत हे प्रमाण, जेथे ती देत नाही तेथल्यापेक्षा शेकडा २४ अंकांनी अधिक असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. राज्याची सीमा ओलांडल्याने अर्भकाची प्रकृती बदलत नाही. बदलतो तो बिल भरणारा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये लाभ धोक्यांपेक्षा अधिक असल्याचे म्हटले खरे, पण सरसकट सर्व मुलांची सुंता करावी अशी शिफारस करण्याइतके ते मोठे नाहीत, हेही त्याच निवेदनात सांगितले. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे १०० मुलांची सुंता करावी लागते, हा त्याच संघटनेचा आकडा आहे. आणि तो संसर्ग सहसा औषधाने बरा होतो.

यास एक वजनदार उत्तर आहे, ते आफ्रिकेतून येते. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील तीन चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीपासून पुरुषास होणारी एचआयव्हीची बाधा सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अधिक प्रादुर्भावाच्या देशांसाठी या उपायाची शिफारस केली. हा पुरावा भक्कम आहे. तो नाकारणाऱ्यांनी विरोधी पक्षाचे नुकसानच केले. पण त्या चाचण्यांतील बहुतेक पुरुष सज्ञान होते आणि स्वतःच्या संमतीने आले होते. पाळण्यातील अर्भकास हा धोका पुढे पंधरा-वीस वर्षे संभवत नाही. तोवर थांबून त्यालाच विचारणे शक्य आहे. मोठेपणी शस्त्रक्रिया अधिक त्रासाची होते हे कबूल केले, तरी जेथे या रोगाचा प्रादुर्भाव अत्यल्प आहे तेथे आफ्रिकेचा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. लसीकरणाशी केली जाणारी तुलनाही येथे लंगडी पडते. गोवराची लस थांबण्यास सवड नसलेल्या धोक्यापासून अर्भकाचे रक्षण करते, आणि शेजारच्या मुलाचेही. तात्पर्य, बहुतेक देशांत केवळ आरोग्याच्या नावावर नवजात मुलांची सरसकट सुंता करण्याचा आणि तिचा भार सार्वजनिक तिजोरीवर टाकण्याचा आधार दुबळा आहे.

श्रद्धेची गोष्ट निराळी. ज्यू धर्मात जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता करणे ही देवाशी झालेल्या कराराची खूण मानली जाते. तिचे बळ किती असते हे महाराष्ट्रास ठाऊक असावे. कोकणातील बेने इस्राएल, अर्थात घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, शतकानुशतके अन्य ज्यूंपासून तुटून राहिले. मराठी बोलू लागले, हिब्रू विसरले. बाहेरच्या ज्यूंशी पुन्हा गाठ पडली तेव्हा त्यांच्यापाशी शिल्लक होते ते शनिवारचे व्रत, आहाराचे काही नियम, एक प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता. अशा समाजास ‘अठरा वर्षे थांबा’ असे सांगणे म्हणजे पुढे ढकलणे नव्हे, नकार देणे होय. इस्लामची स्थिती किंचित वेगळी आहे. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, वयाचे बंधन सर्वत्र एक नाही, आणि ती अनिवार्य की केवळ प्रशस्त याविषयी धर्मशास्त्राच्या परंपरांत मतभेद आहेत. म्हणून मुस्लिम समाजात तिचे महत्त्व कमी आहे असे मात्र कोणी समजू नये.

विरोधकांचा सर्वांत समर्थ मुद्दा हा, की आईबाप मुलास भाषा, नाव, धर्म हे सारे न विचारता देतात, पण त्यातले काहीही मोठेपणी टाकता येते. कापलेली त्वचा परत येत नाही. टोचलेला कानही कालांतराने बुजतो. हा मुद्दा निरुत्तर करणारा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते. प्रश्न उरतो तो बंदीने काय साधेल हा. २०१८ साली आइसलँडच्या संसदेत सुंतेस सहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सुचविणारे विधेयक आले. ते संमत झाले नाही. झाले असते तर श्रद्धाळू कुटुंबाने एक तर देश सोडला असता, किंवा मुलास चोरून कोणा अडाणी हाताखाली दिले असते. नीट केलेल्या सुंतेने होणारी हानी अल्प असते. चोरट्या सुंतेबद्दल तसे म्हणता येत नाही. मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनास मात्र हा युक्तिवाद लागू नाही. तेथे हानी उघड आहे, आरोग्याचा लाभ कोणताही नाही, आणि धर्माचे नाव घेतल्याने त्यात फरक पडत नाही.

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. मुलांची सुंता बेकायदा ठरवावी अशी याचिका २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फेटाळली, ते योग्यच झाले. परंतु बंदी नको म्हणजे नियमही नकोत असे नव्हे. शस्त्र निर्जंतुक असावे, मुलास भूल दिलेली असावी, परंपरेने हे काम करणाऱ्यास प्रशिक्षण मिळावे, आणि घराण्यात रक्त न गोठण्याचा विकार आहे काय हे आधी विचारले जावे, एवढ्या अटींना कोणत्याही धर्माची हरकत असण्याचे कारण नाही. ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात तर प्राचीन काळीच असा नियम नमूद आहे, की सुंतेने दोन मुले दगावली असतील तर त्या मातेच्या तिसऱ्या मुलाची सुंता करू नये. मूल आजारी असेल तर आठवा दिवसही त्या परंपरेत पुढे ढकलला जातो.