मैदानावरची नोकरी

जेसी ओवेन्सची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती बर्लिनपर्यंतच. १९३६ सालचे ऑलिंपिक, चार सुवर्णपदके आणि समोर हिटलर. पुढचे सहसा कुणी सांगत नाही. सांगितलेच तर दयेच्या सुरात: एवढा मोठा धावपटू, पण पोटासाठी त्याला घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या, क्लीव्हलँड शहरात मुलांच्या मैदानावर देखरेखीची नोकरी धरावी लागली!

ही दोन कामे लोक एका दमात सांगतात, याचे मला नवल वाटते. पैसे देऊन माणसाला घोड्याबरोबर पळवणे ही विटंबनाच. पण मैदानावरची नोकरी हलकी कशी? ओहायोच्या विद्यापीठात शिकत असताना, १९३५ साली, ज्याने पाऊण तासात एकामागून एक जागतिक विक्रम केले, त्याच्या नजरेखाली गल्लीबोळातली पोरे खेळत होती. साहेबाच्या पोरालाही असा मास्तर मिळत नाही. पुढे १९५० च्या दशकातही ओवेन्स इलिनॉय राज्यात तरुण मुलांसाठीच काम करीत होता.

बर्लिन आपल्याला तसे परके नाही. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण तिथे कबड्डी-मल्लखांबाची प्रात्यक्षिके करून आले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या संस्थेने वऱ्हाडातल्या शाळांना व्यायामशिक्षक दिले. पण शाळा सुटली की मूल मैदानाबाहेर, आणि कॉलेज सुटले की धावपटूही.

मग त्याचे काय होते? नशीब काढले तर त्याला खुर्ची मिळते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. साताऱ्याकडची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा राज्याने तिला महसूल सेवेत घेतले. योग्यच केले. बँकेतल्या माझ्या नोकरीतही खेळाडू म्हणून लागलेले सहकारी होते. सरावासाठी त्यांना दुपारी सुटी असायची. पाय थकले की तीच मंडळी तिशीनंतर लेजरचे आकडे जुळवायला शिकायची आणि नेटाने शिकायचीही. मात्र त्यांच्या अंगात मुरलेली विद्या, म्हणजे दम कसा राखायचा, टाच कशी टेकवायची, दुखऱ्या पोटरीला किती दिवस विसावा द्यायचा, ती कॅश काउंटरच्या जाळीआड वाया जाई. आपण बक्षीस म्हणून माणसाला त्याच्या कामापासून दूर नेतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आर्णीसारखे गाव घ्या. अरुणावतीकाठचे, बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याचे, तालुक्याचे ठिकाण. अशा गावात पहाटे पाचला उठून पोरेपोरी पळतात ती पोलीस भरतीसाठी: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. पळायचे कुठे? नागपूर-तुळजापूर महामार्ग गावाला लागूनच. अंधारात ट्रकच्या दिव्यांना पाठ देऊन, डांबरावर, फाटक्या बुटांनी! नडगीच्या दुखण्याला ‘कमजोरी’ म्हणून घरी हळद-दूध दिले जाते.

कायद्यानेही या गोष्टीकडे उशिराच पाहिले. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात दिवाबत्ती, झाडलोट ही आवश्यक कामे. बागबगीचे ऐच्छिक, म्हणजे जमले तर. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांसाठी अठरा विषय घातले. त्यात बारावा उद्याने, बागा आणि क्रीडांगणांचा. तरी आपल्याकडे बाग म्हणजे कारंजे, पुतळा आणि उद्घाटनाची कोनशिला. त्यासाठी एकरकमी अनुदान येते. दुसऱ्या वर्षीच्या पाण्याला, तिसऱ्या वर्षीच्या कुंपणाला पैसा नसतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्च मंजूर, चालू खर्च नामंजूर. असा धंदा एखाद्या कर्जदाराने मांडला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

त्या चालू खर्चात पहिला पगार कुणाचा असावा? माळी हवाच, चौकीदारही. पण त्याआधी एक मैदानी माणूस हवा, स्त्री असली तर अधिकच बरे. विद्यापीठापर्यंत धावून आलेली, राष्ट्रीय पदक हुकलेली, आरक्षणाच्या यादीत नाव न लागलेली अशी तालुक्यातलीच एखादी मुलगी. तिने माती भिजवून दाबावी, फक्कीच्या रेघा माराव्यात, सकाळी भरतीची पोरे आणि फिरायला येणारे म्हातारे यांच्या वेळा लावाव्यात. संध्याकाळचा एक तास बायकांसाठी राखावा आणि त्या वेळी टवाळांना फाटकाबाहेर काढावे. ती तिथे उभी आहे म्हटल्यावर आई पोरीला धाडायला कचरणार नाही.

नगरपरिषदेच्या आस्थापनेवर अशी एक जागा आणि अंदाजपत्रकात दरवर्षी तिचा पगार, एवढ्यावर सुरुवात होईल. बाकी सामान म्हणजे एक घड्याळ, एक शिट्टी, फक्कीचे पोते आणि फाटकाची किल्ली.