बक्षीस रंगाला की वेताला?

घोटी आणि राजूरच्या प्रदर्शनांनी डांगी जनावरांचा मान राखला, हे आधी कबूल करायला हवं. इगतपुरी-अकोल्याचा शेतकरी तिथे आपली दावण मिरवतो, दुसऱ्याचा वळू निरखतो, सौदेही करतो. पण आदत, दोन दाती, चार दाती अशा गटांत उभं केलेलं जनावर जोखताना नजर आधी रंगावर, शिंगांवर आणि बांध्यावर जाते. डांगीचं मोल मात्र पांढऱ्या अंगावरच्या काळ्या-तांबड्या ठिपक्यांत नाही. तिच्या अंगावरून हात फिरवला की बोटांना ओशट लागतं; त्या तेलकटपणामुळे पाऊस निथळून जातो. काळे, टणक खूर भातखाचराच्या चिखलात टिकतात. हे गुण पुढच्या पिढीत उतरतात की नाही, ते एका दिवसाच्या रिंगणात कळत नाही.

नुसत्या रूपाला बक्षीस दिलं की काय होऊ शकतं, ते इंग्लंडातल्या हौशी पक्षीपालकांना विचारावं. ‘लंडन फॅन्सी’ ही कॅनरी पिवळ्याधमक अंगाची, काळ्या पंखांची. हा साज पहिली पिसं झडल्यावर येई आणि पुढच्या झडीत उतरे. एका हंगामाच्या या देखणेपणावर जिचा सारा मान, ती जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामशेष झाली. तिच्या जवळची ‘लिझर्ड’ दुसऱ्या महायुद्धानंतर मोजक्या जोड्यांवर आली होती; पाळणारे एकत्र आले म्हणून ती तगली.

दूध थोडं, बैलाचं काम ट्रॅक्टरने नेलं, मग डांगी पाळायची कुणी, हा आक्षेप खोटा नाही. त्यात 2015च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने म्हाताऱ्या बैलाचं गिऱ्हाईकही गेलं. पण म्हणूनच बक्षिसाचा पैसा गाय राखणाऱ्याच्या हाती पडायला हवा. सजवलेल्या एका वळूवर तो सगळा खर्चू नये. वेतांवर बक्षीस द्यायचं तर नोंदी कुठून आणायच्या, असंही विचारलं जाईल. कानात बारा आकडी बिल्ला आता असतोच. वेत, वासरं, वापरलेला वळू हे त्या क्रमांकावर लिहिता येतं. खोटी नोंद करणारे निघतील, निघोत बापडे. गाय आपल्या दोन-तीन वेतांच्या वासरांसह रिंगणात उभी करायला लावली तर लबाडीला फारशी जागा उरत नाही. असा एक गट घोटीत सुरू करायला नवा मांडवही लागणार नाही.