अदृश्य रयतेची खातेवही

महसूल खात्याच्या चाकरींत आमचें सारें आयुष्य नांवें लिहिण्यांत, नांवें तपासण्यांत आणि एकाचें शेत दुसऱ्याच्या नांवावर चढणार नाहीं याची काळजी वाहण्यांत गेलें. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें व बेताचें. कॉलेजाचा उंबरठा आम्हीं ओलांडला नाहीं. तेव्हां सूक्ष्म जीवांचे प्रकार व त्यांचें वर्गीकरण या विषयावर आम्हीं लेखणी उचलावी, हें पुष्कळ वाचकांस धाडसाचें वाटेल. परंतु हा विषय केवळ विद्वानांचा आहे अशी जी समजूत आपल्या शेतकरी बंधूंत रूढ आहे, तीच आमच्या मतें नुकसानीचें मूळ आहे. हें नुकसान आम्हीं स्वतः सोसलेलें असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोंचतो, असें आम्ही समजतों.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. मुकुंदवाडी हें एके काळीं औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, या शहराबाहेरचें खेडें होतें. आतां तें महानगरपालिकेच्या हद्दींत आहे; जेथें बाजरी डोलत असे तेथें घरें उभीं राहिलीं, आणि आमच्यासारख्या कुटुंबांची शेती दूरच्या शिवारांत गेली. आमच्या धाकट्या बंधूंच्या अशाच एका शेतांत कापूस व बाजरी यांखेरीज कधीं कांहीं पिकलें नव्हतें. आमच्या सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच खरिपांत तेथें सोयाबीन पेरावयाचें ठरलें. नव्या जमिनींत सोयाबीन पेरतांना बियाण्यास रायझोबियमचें जिवाणू खत चोळावें, हें आम्हीं वाचलें होतें. म्हणून आम्ही दुकानीं गेलों. दुकानदारानें पाकिटें पुढें केलीं. त्यांवर ठळक अक्षरांत 'रायझोबियम' एवढेंच छापलेलें होतें. "हें सोयाबीनचेंच ना?" असें आम्हीं विचारतांच उत्तर मिळालें, "काका, रायझोबियम म्हणजे रायझोबियम. शेंगांच्या सगळ्या पिकांना एकच चालतं." आम्हीं मान डोलावून पैसे मोजले. ज्यानें उभ्या चाकरींत पुरें नांव पाहिल्याखेरीज कागद पुढें सरकवला नाहीं, त्यानें हें अर्धें नांव मुकाट्यानें पत्करलें, ही चूक आमचीच.

पीक सव्वा महिन्याचें झालें आणि पानें पिवळीं पडूं लागलीं. झाडें खणून पाहिलीं तों मुळांस गांठी जवळजवळ नव्हत्याच. पाकिटें ज्या खोक्यांतून आलीं तें घरींच होतें. आमच्या पुतण्यानें तें उलटून पाहिलें, तों एका बाजूस 'हरभरा' असा बारीक शब्द दिसला. मागील रब्बीचा शिल्लक माल आमच्या गळ्यांत मारला गेला होता. शेवटीं युरिया द्यावा लागला, खर्च वाढला, आणि उतारा शेजाऱ्यापेक्षां कमी आला. बंधू आम्हांस कांहीं बोलले नाहींत. परंतु न बोललेलेंच अधिक लागतें.

आतां यांत काय चुकलें तें पाहूं. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गांठी करणारे जिवाणू हवेंतील नत्र पिकास घेतां येईल अशा रूपांत आणून देतात. हॉलंडमधील बायजेरिंक या शास्त्रज्ञानें १८८८ सालीं ते प्रथम वेगळे काढले, आणि १८८९ सालीं जर्मनीच्या फ्रांक यानें त्यांस 'रायझोबियम' हें नांव दिलें. पुढें असें दिसून आलें कीं, ही एक व्यक्ति नव्हे, मोठें कुळ आहे. सोयाबीनच्या गांठी करणारा जिवाणू संथपणें वाढतो, म्हणून १९८२ सालीं त्याची वेगळी जात मांडून तिला 'ब्रॅडिरायझोबियम' म्हटलें गेलें. हरभऱ्याचा सोबती १९९४ सालीं 'रायझोबियम सिसेरी' म्हणून नोंदला गेला व १९९७ सालीं त्याची 'मेझोरायझोबियम' या जातींत बदली झाली. वाटाणा व मसूर यांचा जिवाणू आणखी निराळा. भुईमूग, मूग, उडीद, चवळी यांस चालणारे जिवाणू पुष्कळसे ब्रॅडिरायझोबियमच्याच घराण्यांतले असले तरी ते सोयाबीनच्या जिवाणूहून वेगळे. पिकाचें मूळ मातींत आपल्या विशिष्ट रसाची खूण सोडतें. जिवाणू त्या खुणेस आपली खूण देतो. दोहोंची ओळख पटली तरच मूळ त्यास आंत घेतें. हरभऱ्याच्या जिवाणूस सोयाबीनचें दार उघडत नाहीं. दुकानदाराचें तें एक वाक्य, आणि त्यामुळें आमचें तें शेत!

महसुलाच्या कामाशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस ही गोष्ट तत्काळ उमजेल. गांवांत 'पाटील' म्हणून हांक मारली तर दहाजण ओ देतात. म्हणून सात-बाराच्या उताऱ्यावर नांव, बापाचें नांव, आडनांव आणि गट नंबर हें सर्व लागतें. शास्त्रज्ञांची दोन शब्दी नांवें हीं अशींच आहेत. पहिला शब्द आडनांवासारखा, कुळ सांगणारा. दुसरा शब्द व्यक्तीचा. 'रायझोबियम' एवढेंच छापणें म्हणजे उताऱ्यावर नुसतें 'पाटील' लिहिणें होय. असा उतारा कोणत्या बँकेनें कर्जासाठीं स्वीकारला असता?

सूक्ष्म जीवांची ही खातेवही एका दिवसांत लिहिली गेली नाहीं. त्यांस प्रथम पाहणारा लेव्हेनहुक हा डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी होता. १६६९ सालीं त्यास जमीन मोजणीदाराची सनद मिळाली होती, हें वाचून आम्हांस आपल्या खात्याचा माणूस भेटल्याचा आनंद झाला. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यानें पाण्याच्या थेंबांत हे जीव पाहिले व १६७६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. परंतु सर्व प्राण्यांची व वनस्पतींची यादी करणाऱ्या लिनियससारख्या पंडितालाही त्यांचें काय करावें तें सुचलें नाहीं. त्यानें पुढच्या शतकांत यांतील पुष्कळसे 'केऑस', म्हणजे 'गोंधळ', या नांवाच्या एका रकान्यांत टाकून दिले. कोणत्याही कचेरींत 'इतर' नांवाचा रकाना असतो व ज्याचा निकाल लागत नाहीं तें सर्व तेथें जातें. त्यांतलाच हा प्रकार. पुढें १८७२ सालीं कोन यानें आकारावरून, म्हणजे गोल, दांड्यासारखे, मळसूत्री असे, गट पाडले. १८८४ सालीं ग्राम यानें रंग देण्याची रीत काढून आणखी एक भेद दाखविला. १९७७ सालीं अमेरिकेंतील कार्ल वूज यानें तर पेशींतील रेणूंची तुलना करून असें दाखविलें कीं, ज्यांस सर्वजण जिवाणू समजत होते त्यांतला एक मोठा समुदाय जिवाणूच नव्हे. त्याचा वंश निराळा. त्यास 'आर्किया' हें नांव पडलें.

हा आर्किया कोठें परदेशांत पाहावयास जावयाचें कारण नाहीं. आमच्या शहराहून सुमारें दीडशें किलोमीटरांवर, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. काळ्या कातळांत उल्का आदळून झालेल्या विवरांत हें खारट व अतिशय क्षारयुक्त पाणी सांचलें आहे. १०२० नव्हे, अगदीं अलीकडच्या २०२० सालच्या जून महिन्यांत तें एकाएकीं गुलाबी झालें. कोणी त्यास अरिष्टाचें चिन्ह म्हटलें, कोणी शेवाळाचें काम म्हटलें, कोणी विषाची शंका घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासले, तेव्हां मिठांत राहणारे आर्किया मोठ्या संख्येनें आढळले. पाणी आटून खारटपणा वाढला कीं ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पावसाचें पाणी मिसळल्यावर रंग ओसरला. नांव ठाऊक झालें म्हणून भीति गेली व उपायाच्या नांवाखालीं भलतेंच कांहीं करण्याचा प्रसंग टळला. याच लोणारच्या पाण्यांतून निघालेल्या एका जिवाणूस २०१० सालीं स्वतंत्र जात मानून 'इंडिबॅक्टर' असें आपल्या देशाचें नांव मिळालें आहे. ही रयत आपल्या मुलखाची आहे; तिची नोंद आपणांस नको असें म्हणून कसें चालेल?

रोगांच्या बाबतींत तर चुकीच्या नोंदीचा दंड अधिक जबर असतो. जालना व संभाजीनगर या भागांत मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. त्यांस जो डिंक्या रोग होतो, तो फायटोफ्थोरा नांवाच्या जीवामुळें. दीर्घकाळ यास बुरशी समजत असत. परंतु वर्गीकरण करणाऱ्यांनीं दाखविलें कीं, तो खऱ्या बुरशींच्या वंशांतला नसून तपकिरी शेवाळांचा दूरचा भाऊबंद आहे. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. खऱ्या बुरशीच्या पेशींतील विशिष्ट घटकावर घाव घालणारीं कांहीं बुरशीनाशकें यावर चालतच नाहींत, कारण तो घटक हा जीव स्वतः तयार करीत नाहीं. तुरीचेंही तसेंच. मर रोग बुरशीमुळें होतो, वांझ रोग विषाणूमुळें होतो व तो कोळी पसरवितात. दोहोंत तुरीस शेंगा धरत नाहींत म्हणून दोहोंवर एकच फवारा मारणारा शेतकरी आपले पैसे मातींत घालतो.

आमच्या मतावर दोन आक्षेप घेतले जातील, हें आम्ही जाणतों. पहिला असा कीं, आमच्या वाडवडिलांनीं शेणखत घातलें, त्यांस कोणत्याही जिवाणूचें नांव ठाऊक नव्हतें, आणि जमीन पिकत होती. हें अगदीं खरें. शेणखतानें व पालापाचोळ्यानें जमिनींतल्या मूळच्या रयतेचें पोट भरतें, आणि एका चिमूटभर मातींत तिची संख्या कोट्यवधि असते. घरच्या रयतेस जेवूं घालतांना नांव विचारण्याचें कारण नसतें. परंतु बाहेरून मजूर आणावयाचा व त्यास रोख दाम मोजावयाचा, तर तो सुतार कीं गवंडी हें विचारलेंच पाहिजे. जिवाणू खत विकत घेणें हा दुसरा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, शास्त्रज्ञ स्वतःच नांवें बदलतात; मग शेतकऱ्यानें तीं कां शिकावीं? आम्ही विचारतों कीं, गांवनमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, ठेवली जाते म्हणून सात-बारा खोटा ठरतो काय? उलट फेरफार नोंदला जातो म्हणूनच उताऱ्यावर विश्वास ठेवतां येतो. हरभऱ्याच्या जिवाणूचें आडनांव १९९७ सालीं बदललें, तें कारण देऊन व जुनें नांव सांभाळून बदललें. आजवर रीतसर नांव मिळालेले जिवाणू हजारोंच्या घरांत आहेत, आणि मातींतल्या बहुसंख्यांची नोंद अद्याप व्हावयाची आहे. अशी मोजणी चालू असतांना फेरफार होणारच.

या खातेवहीचें दप्तर आपल्याच राज्यांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत औद्योगिक सूक्ष्म जीवांचा संग्रह आहे. पुण्यासच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा दुसरा मोठा संग्रह आहे. शेतीच्या उपयोगी जीवांचा राष्ट्रीय संग्रह उत्तर प्रदेशांत मऊ येथें आहे. तेथें हे जीव गोठवून अथवा वाळवून, नांवानिशीं व क्रमांकानिशीं जपून ठेवतात. आणि जवळ परभणीस आपलें कृषि विद्यापीठ आहे. दप्तर आहे, कारकून आहेत. उतारा मागणारा मात्र नाहीं.

म्हणून आमच्या संघापुढें आम्ही तीन सूचना ठेवतों. पहिली, संघानें जिवाणू खत घेतांना पाकिटावर जिवाणूचें पुरें नांव, तो कोणत्या पिकासाठीं आहे तें, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि जिवंत जिवाणूंची संख्या असल्याखेरीज माल घेऊं नये. खत नियंत्रण आदेशांत २००६ सालापासून जिवाणू खतांचा समावेश झाला असून, रायझोबियमच्या भुकटीच्या दर ग्रॅममध्यें किमान पांच कोटि जिवाणू असावेत असा दंडक त्यांत घातला गेला. दुसरी, माल पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्यें ठेवूं नये; आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत बंद पाकिटांतच हे जीव मरतात व शेतकऱ्याच्या हातीं नुसती काळी भुकटी येते. तिसरी, प्रत्येक सभासदानें पीक फुलावर येण्याच्या सुमारास चार झाडें खुरप्यानें हलकेंच खणून काढावीं, ओढून नव्हे, कारण ओढल्यानें गांठी मातींतच राहतात. गांठ नखानें फोडून पाहावी. आंत लाल अथवा गुलाबी असेल तर ती काम करीत आहे. पांढरी असेल तर ती अजून कोंवळी आहे किंवा निरुपयोगी आहे. जें दिसेल तें गट नंबर, पीक व पाकिटावरील नांव यांसह संघाच्या वहींत लिहावें. तीन-चार वर्षांत आमच्या शिवाराची अशी नोंद तयार होईल कीं, ती कोणत्याही दुकानदारास दाखवितां येईल.

यंदाच्या मृगापूर्वीं आम्ही पुन्हां दुकानीं गेलों. पाकीट हातीं घेतलें, चष्मा लावला व मागची बाजू अखेरपर्यंत वाचली. 'ब्रॅडिरायझोबियम जापोनिकम, सोयाबीनसाठीं' असें दिसलें तेव्हांच पैसे दिले. दुकानदार हंसला, आम्हांस त्याचें कांहीं वाटलें नाहीं. पंचेचाळिसाव्या दिवशीं बंधूंनीं एक झाड खणलें, गांठ फोडली आणि ती लाल निघाली. तेव्हां ते पहिल्यानें त्या शेताविषयीं आमच्याशीं मोकळेपणानें बोलले. आमच्या सभासद बंधूंनीं हा अनुभव आमच्यासारखा पीक गमावून घेऊं नये, इतकीच विनंति करून आम्ही हा लेख पुरा करतों.